अण्णांचा गाळा आवरताना

2024 च्या जूनमध्ये एका दुपारी अण्णा तीन वाजताच घरी आले. शुक्रवारी इस्टेटला सुट्टी असते, तो वार सोडला तर ठाण्याच्या वागळे इस्टेटातल्या गाळ्यावरून ते दिवेलागणीआधी कधी परतलेले मला आठवत नाहीत. हातपाय धुतले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "चाळीस बुश गेले." आईला वाटलं, चोरीला गेले.

बुश म्हणजे गनमेटलची जाड नळी, तिच्यात शाफ्ट फिरतो. ड्रॉइंगवर भोकाचं माप होतं 25 एच-7. म्हणजे भोक 25 मिलिमीटरच्या खाली नको आणि 25.021 च्या वर नको. मधली जागा एकवीस मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. अण्णांचे चाळीसही बुश 25.06 ला गेले होते. डायल थोडा पुढे गेला, आणि पहिला पीस मोजताना हात थरथरला म्हणून माप चुकलं. पुढचे एकोणचाळीस त्याच सेटिंगवर निघाले. पंधरा किलो गनमेटल, नऊ हजारांच्या आसपास.

गिऱ्हाइकाला अजून पत्ताच नव्हता. अण्णांनीच फोन करून सांगितलं, मटेरियलचे पैसे माझ्याकडून कापून घ्या म्हणाले, आणि घरी आले. रात्री मला ऐरोलीला फोन. "गाळा बंद करायचाय. कागदाचं तू बघ." एवढंच. मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे घरातला कागद कुठलाही असो, माझाच असतो. वय बहात्तर, हात वर्षभर कापत होता, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आम्ही सगळे त्यांना हेच सांगून थकलो होतो. पण त्यांनी स्वतःहून म्हटल्यावर मी फोन ठेवला आणि बराच वेळ बाल्कनीत नुसती उभी राहिले.

अण्णा कोरेगाव तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात विशीचं पोर ठाण्यात आलं ते गावात पाणी नव्हतं म्हणून. आधी एका कंपनीत हेल्पर, मग टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा. ती कंपनी 1990 मध्ये एका सकाळी गेटला कुलूप लावून बंद झाली. 1991 मध्ये त्यांनी उसने पैसे काढून पंजाबातल्या बटाल्याची सहा फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, घेतली, तीही वापरलेली, आणि भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क सुरू केलं. आयटीआय सर्कलपासून चालत दहा मिनिटं. तेव्हा आजूबाजूला प्रेस, प्लेटिंग, स्प्रिंगवाले, डायमेकर असे सगळे होते. एमआयडीसीची ही पहिली वसाहत, 1962 ची. आता निम्म्या जागांवर काचेच्या इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत माझी मैत्रीण कामाला जाते.

मी पहिल्या शनिवारी गेले ती कामांची यादी घेऊनच. वीज, जीएसटी, करंट अकाउंट, गाळामालकाचं डिपॉझिट, उद्यम नोंदणी. अण्णांनी यादी चष्म्यावरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"हे सगळं नंतर. आधी दुसऱ्याच्या वस्तू परत."

"आणि मग?"

"मग दुसऱ्याचे पैसे. मग सरकार. मग आपलं."

मला वाटलं, दोन शनिवारांत उरकेल. चार महिने लागले.

जॉबवर्कमध्ये मटेरियल गिऱ्हाइकाचं असतं. रॉड त्याचा, ड्रॉइंग त्याचं, आपण फक्त कापून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. कापताना जो चुरा पडतो तोही त्याचाच. पितळ आणि गनमेटलच्या चुऱ्याला भंगारवाला चांगला भाव देतो, आणि इस्टेटीत निम्मे लोक तो विकून चहापाणी भागवतात. कोणी विचारत नाही. अण्णांकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा डालड्याचा जुना डबा होता आणि त्यात त्याचा-त्याचा चुरा. लोखंडाचा वेगळा, कारण पितळेत लोखंड मिसळलं की भाव पडतो, म्हणून ते डब्यात लोहचुंबक फिरवायचे. लहानपणी ते चुंबक फिरवायचं काम माझ्याकडे होतं. लोखंडाच्या केसाळ जटा चुंबकाला चिकटून वर यायच्या आणि मला तो खेळ वाटायचा. हा चुरा वजन करून चलनावर लिहून परत जातो, हे मला त्या जून-जुलैमध्ये चलनं तपासताना कळलं. तेहतीस वर्षांची चलनपुस्तकं. कार्बन फिका पडलाय, पण वजनाचा आकडा प्रत्येक पानावर.

खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वगैरे वाटला नाही, आधी रागच आला. घरात पैशांची ओढाताण असायची. आईच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्यात.

मी दहा वर्षांची असल्यापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की अण्णांचा डबा घेऊन गाळ्यावर जायची. दोन वेण्या वर बांधलेल्या, ओढणी-बिढणी काही नाही, बाह्या कोपरापर्यंत. हा नियम. मशीनजवळ लोंबणारं काही चालायचं नाही. एकदा मी हट्ट केला म्हणून त्यांनी मला चक घट्ट करू दिला. चक म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारा जबडा. तो आवळायला टी आकाराची जाड किल्ली असते, चक-की. मी दोन्ही हातांनी लोंबकळून आवळली, झालं म्हणाले आणि मागे सरले. किल्ली चकमध्येच. अण्णांचा हात स्विचवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चककडे, मग मेन स्विचच पाडला. मशीन फिरलं असतं तर ती किल्ली गोळीसारखी सुटली असती, आणि समोर मीच उभी होते.

ओरडले नाहीत. डबा उघडून जेवले. मग म्हणाले, "की चकमध्ये असली की हात कीवर. हात काढलास, म्हणजे की पण काढलीस." पुढच्या शनिवारी त्यांनी मला परत आवळायला लावली. दहा वेळा. ऑफिसात मी कॉम्प्युटर लॉक केल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. सोबतच्यांना वाटतं, बाई संशयी आहे.

व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची जबड्याची सरकती पट्टी, तोही त्याच वर्षी शिकवला. माझीच पेन्सिल जबड्यात धरून. "खालची कुठली रेघ वरच्या रेघेला मिळते ते बघ. घाई करू नको. एकच मिळते." मी सांगितलं की ते व्हर्नियर माझ्याकडून घ्यायचे, बंद करायचे आणि परत हातात द्यायचे. "परत." दुसऱ्यांदा तेच माप आलं तरच वहीत लिहायचं. अकरावीच्या प्रॅक्टिकलला वर्गात कोणालाच व्हर्नियर येईना तेव्हा मी कॉलर ताठ करून हिंडले होते. घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, "लीस्ट काउंट किती होता?" म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप. शाबासकीच्या बाबतीत माणूस एकंदर कंजूष.

तर परतीचं काम. ड्रॉइंग परत, उरलेले रॉड परत, चुऱ्याचे डबे परत. आणि मग टूलच्या कपाटाच्या तळच्या खणात, मेणकागदात गुंडाळलेला एक प्लग गेज मिळाला. दांडीच्या दोन टोकांना दोन गुळगुळीत सिलिंडर. गो बाजू भोकात सरकली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. मोजायची गरजच नाही, हात थरथरला तरी बिघडत नाही. दांडीवर कोरलेलं होतं: 25 एच-7.

मी तो हातात घेऊन अण्णांकडे बघत राहिले. "हा तुमच्याकडे होता?"

"तो त्या रोड नंबर सोळाच्या कंपनीचा आहे. त्यांच्या जॉबसाठी दिलेला."

"ती कंपनी बंद होऊन पंधरा वर्षं झाली असतील!"

"म्हणून काय तो आपला झाला?"

"अहो, पण बुशच्या वेळी नुसता घालून बघितला असता तर पहिल्याच पीसला नो-गो आत गेला असता. चाळीस बुश वाचले असते."

अण्णा म्हणाले, "दुसऱ्याच्या जॉबला तिसऱ्याचा गेज?" आणि कपाट पुसायला लागले. गेज वापराने झिजतो, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. एक-दोन मायक्रॉन झिजतो, कबूल. पण पटत मात्र अजून नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला आणि मग म्हणाला, तूही टोल परत मागायला गेलेलीस बावीस रुपयांसाठी. ते वेगळं होतं. ते माझे बावीस रुपये होते.

मशीन विकायचा प्रश्न. इथे माझा कागद कामाला आला. अण्णा म्हणत होते आधी जीएसटी बंद करू. मी म्हटलं, नाही, आधी मशीन विकायचं, त्याचं बिल फाडायचं, मग रजिस्ट्रेशन रद्द करायचा आरईजी-16 फॉर्म भरायचा. नाहीतर बिल कोणत्या नंबरवर करणार? रद्द झाल्याची ऑर्डर आली की तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे शेवटचं रिटर्न भरायचं. बरेच लोक इथेच चुकतात, दुकान बंद केलं म्हणजे संपलं समजतात आणि वर्षभराने नोटीस येते. अण्णांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुझं माप. तू म्हणशील तसं." तेवढ्यावर माझा आठवडा छान गेला.

भंगारवाला लेथ किलोवर मागत होता. अण्णांना ते सहनच होईना. "चालू मशीन आहे. कापून टाकायला दिलेली नाही." शेवटी बदलापूरचा एक मुलगा आला, पंचविशीतला, अंबरनाथला गाळा घेतलेला. त्याच्याशी सव्वा लाखावर बोलणं झालं. तो खुशीत होता, मीही होते. तेवढ्यात अण्णांनी त्याला थांबवलं. चकमध्ये एक बार धरला, दोनशे मिलिमीटर लांबीवर बारीक कट घेतला. हात लिव्हरवर होता तोवर थरथर कुठे दिसत नव्हती. मग मायक्रोमीटर त्या मुलाच्या हातात दिला. "दोन्ही टोकं मोज."

मुलाने मोजली. परत मोजली. मिलिमीटरच्या चार शतांशांचा फरक.

"चकजवळ बेड झिजलाय," अण्णा म्हणाले. बेड म्हणजे टूल ज्यावरून सरकतं तो मशीनचा खालचा पाया. "तेहतीस वर्षं आखूड जॉबच केले ना, तिथेच घासला. बुश, पिना, कॉलर याला काही होणार नाही. लांब शाफ्ट घेशील तर टेपर येईल, एक टोक जाड, एक बारीक, आणि तुला वाटेल तुझंच काहीतरी चुकतंय." आणि स्वतःच वीस हजार कमी केले. मुलाने मागितलेही नव्हते.

परतीच्या रिक्षात मी बोलले नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "त्याने मोजायला हवं होतं. घेणाऱ्याने बघून घ्यावं." अण्णा म्हणाले, "तो पंचवीस वर्षांचा आहे गं. त्याला कुठे बघायचं ते कुठे माहितीये." वीस हजार रुपये. मी हे लिहितानाही तो आकडा मनात आहे, नाही असं नाही.

दुसऱ्याच्या पैशांपाशी आलो तेव्हा मला वाटलं, सप्लायरची दोन-तीन बिलं असतील. ती होतीच. पण अण्णांनी एका रविवारी मला लोकमान्य नगरला घरी बोलावलं आणि गोदरेजच्या कपाटातून पोस्टाचं आरडीचं पासबुक काढलं. त्याला जोडून आणखी तीन जुनी, दर पाच वर्षांनी मुदत संपून नवीन काढलेली. वरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने हेल्परकाकांचं नाव.

काका 2002 पासून अण्णांकडे. किसननगरला राहतात. बावीस वर्षं.

"ग्रॅच्युइटी काढ," अण्णा म्हणाले.

मी समजावून सांगितलं. ग्रॅच्युइटीचा तेव्हाचा, 1972 चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू व्हायचा. गाळ्यात एक माणूस होता. लागू होतच नव्हता.

"मग तूच जा आणि त्याला सांग. म्हणावं, तुझ्याबरोबर आणखी नऊ जण नव्हते म्हणून तुला काही नाही."

मी कॅल्क्युलेटर काढला. पगार पंधरा हजार सहाशे, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले बावीस. मी बटणं दाबतेय तोवर अण्णा म्हणाले, "रोजचे सहाशे. पंधरा दिवसांचे नऊ हजार. बावीस वर्षांचे एक लाख अठ्ठ्याण्णव." आकडा बरोबर होता. पासबुकात त्याहून थोडे जास्तच होते.

आई दारात उभी होती. 2015 साली तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही पतपेढीचं कर्ज काढलं होतं, मी आणि भावाने तीन वर्षं हप्ते भरले. हे पासबुक तेव्हाही या कपाटात होतं. मी आईकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं. ती म्हणाली, "त्यांना नव्वद साली काय मिळालं ते तुला ठाऊक नाही. तू लहान होतीस." मग तिनेच सांगितलं. अण्णांच्या कंपनीला कुलूप लागलं तेव्हा त्यांच्या हिशेबाचे पैसे अडकले. लेबर कोर्टात नऊ वर्षं. हाती आलं तोवर सोबतचे दोघं वारले होते. अण्णा प्रत्येक तारखेला खाडा करून जायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला म्हणायचे, आज मशीनचा बेल्ट तुटला. मला तुटलेल्या बेल्टांची ती गोष्ट चांगली आठवते. मी शाळेत सांगायचे की आमच्या मशीनचा बेल्ट फार तुटतो.

काकांना चेक दिला तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी काय सोडून चाललोय का?" मग त्यांच्या लक्षात आलं की सोडून अण्णाच चाललेत. शेजारच्या स्प्रिंगवाल्याकडे त्यांचं काम अण्णांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

खंडेनवमीला गाळ्यात शेवटची पूजा झाली. मशीन स्वच्छ पुसलेलं, चकला झेंडूचा हार, व्हर्नियर-मायक्रोमीटर पाटावर, शेजारी टूलबिट आणि चक-की. हळदीकुंकू लावताना अण्णांचा अंगठा हलत होता, ठिपका लांबट आला. दरवर्षी शेजारचे गाळेवाले पेढे घ्यायला यायचे. या वर्षी ते आले आणि थांबले.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात हायड्रा क्रेन आली. टनभर वजन, आणि हेडस्टॉकची, म्हणजे चक असलेली बाजू जड. मुलाने आणलेली माणसं सरळ मधोमध पट्टा टाकायला निघाली. अण्णा खुर्चीवरून उठले. कॅरेज, म्हणजे मशीनचा सरकता भाग, दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकवून घेतलं, टेलस्टॉक आवळला, पट्टा हेडस्टॉकच्या बाजूला सरकवायला लावला. हायड्रावाल्याला हात वर करून वीतभरच उचलायला सांगितलं. मशीन सरळ तरंगलं. ट्रकमध्ये खाली लाकडी स्लीपर. सगळं बांधून झाल्यावर अण्णांनी चक-की त्या मुलाच्या हातात दिली. ट्रकमध्ये टाकू दिली नाही. "ही हातात धर. अंबरनाथपर्यंत."

गाळ्यात फरशीवर मशीनच्या आकाराचा तेलकट चौकोन उरला. काकांनी तो लाकडाच्या भुशाने दोनदा घासला. गाळामालकाने डिपॉझिट देताना त्या डागाचे पैसे कापले नाहीत, हे सांगायला हवं. महावितरणचा थ्री फेजचा मीटर आधीच काढून नेला होता, म्हणून शेवटची झाडलोट टॉर्चच्या उजेडात झाली. कागद माझ्याकडून नोव्हेंबरात संपले, जीएसटीआर-10 सकट.

आभार वगैरे मी अण्णांना मानलेले नाहीत. आमच्याकडे तो शब्द समारंभातला, शाल-श्रीफळाबरोबर येणारा. म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काय झालं, बरं नाही का वाटत?

प्लग गेज तेवढा राहिला. त्या कंपनीच्या जागेवर आता सतरा मजली इमारत आहे. एका शनिवारी अण्णांनी मला तिथे पाठवलं. पर्समध्ये गेज. मेटल डिटेक्टर वाजला, गार्डने तो बाहेर काढला, उलटसुलट केला आणि विचारलं, "मॅडम, ये क्या है?" मी सांगितलं, कंपनीचा आहे, परत द्यायचाय. कुठली कंपनी म्हणाला. मी नाव सांगितलं. त्याने रजिस्टरमध्ये शोधलंसुद्धा, बिचाऱ्याने. मग अण्णांनी त्यांच्या ओळखीतून त्या कंपनीचे स्टोअर्समधले एक साहेब शोधून काढले, नौपाड्यात राहणारे, पंच्याऐंशीच्या घरातले. आम्ही दोघं गेलो. त्यांनी गेज ओळखला, दांडीवरचा नंबर बोटाने चाचपला, चहा दिला आणि म्हणाले, "मी कसा घेऊ? तो माझा नाही. कंपनीचा आहे." अण्णांना ते लगेच पटलं. मला हसूही आलं आणि डोक्याला हातही लावावासा वाटला.

तेव्हापासून तो माझ्या घरी फ्रिजवर आहे, मेणकागदात. दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आहे, अण्णांच्या हलत्या अक्षरात: परत करणे. दर शुक्रवारी फोन येतो, गेजचं काय झालं. ऐरोलीला खाडीची दमट हवा, स्टीलला गंज लवकर धरतो. म्हणून महिन्यातून एकदा मी तो उघडते, मऊ फडक्याने पुसते, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दोन्ही बाजूंना लावते, आधी गो, मग नो-गो, आणि परत गुंडाळून ठेवते.